मग पुढे काय झालं?
कोयत्याच्या रीलमध्ये रमणाऱ्या मुलांसाठी घर, शाळा आणि गाव काय करू शकतं

दिवाळीच्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंडच्या रस्त्यांवर ऊसतोड मजुरांचे ट्रॅक्टर दिसू लागतात. बीडकडून, अहिल्यानगरकडून आलेली कुटुंबं फडाशेजारी कोपी घालतात. मुकादम उचल देताना माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ऊस तोडायचा, वाढं बाजूला काढायचं, मोळी बांधायची, डोक्यावरून ट्रॉलीत भरायची. ज्या दोन तालुक्यांत ‘घोडगंगा’ आणि ‘भीमा’ या नावांनी साखर कारखाने उभे राहिले, तिथे कोयता हा शब्द वर्षानुवर्षं असाच ऐकला गेला, कष्टाचं आणि पोटापाण्याचं माप म्हणून.

आज याच गावांतल्या नववी-दहावीच्या मुलाला ‘कोयता’ म्हटल्यावर पहिल्यांदा काय आठवतं, ते विचारून पाहा. बऱ्याच मुलांच्या डोळ्यांसमोर फड येत नाही, रील येते. संथ केलेली चाल, मागे दणदणीत गाणं, एखाद्या सिनेमातला संवाद, हातात पातं आणि खाली ‘भाई’, ‘किंग’, ‘नाद करायचा नाय’. पंधरा-वीस सेकंदांत सगळं संपतं आणि अंगठा पुढच्या रीलवर जातो.

या पंधरा सेकंदांत एक गोष्ट कधीच नसते, ती म्हणजे शेवट. वार झाल्यावर रुग्णालयात काय झालं, पोलिसांनी कधी उचललं, आईने वकिलासाठी काय गहाण टाकलं, समोरच्याच्या घरात आता कोण कमावतं, यातलं काहीच रीलमध्ये मावत नाही. हिंसेचं आकर्षण तेवढं दाखवून परिणाम कापून टाकलेली ही गोष्ट मुलं दिवसातून शेकडो वेळा पाहतात. म्हणून पालक, शिक्षक आणि गावकरी म्हणून आपल्या वाट्याला आलेलं काम स्पष्ट आहे. गोष्टीचा कापलेला शेवट मुलांना परत जोडून द्यायचा. हा लेख ते कसं करायचं, याबद्दल आहे.

पडदा काय करतो आणि काय करत नाही

सुरुवातीलाच एक भीती दूर करू. मारामारीचा सिनेमा पाहिला किंवा बंदुकीचा खेळ खेळला म्हणून मूल गुन्हेगार होत नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या सुमारे एक हजार मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिंसक व्हिडिओ गेम आणि मुलांचा आक्रमकपणा यांत त्यांना संबंध आढळला नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची भूमिका थोडी वेगळी आहे. ओरडणं, ढकलणं अशा लहानसहान आक्रमकतेशी या खेळांचा काही प्रमाणात संबंध दिसतो, असं ती मानते. पण खऱ्या हिंसाचाराचं खापर खेळांवर फोडायला पुरेसा आधार नाही, असं तिनेही २०२० मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे घरात ‘हा गेम खेळतोस, उद्या कुणाचा तरी जीव घेशील’ असं बोलू नका. मुलाला ते खोटं वाटतं आणि तुमच्या पुढच्या खऱ्या बोलण्यावरचाही त्याचा विश्वास उडतो.

मग पडदा करतो काय? तो मुलाला नमुना देतो. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये लहान मुलांवर केलेले प्रयोग जगभर गाजले. मोठा माणूस एका फुगवलेल्या बाहुल्याला बडवतो, हे मुलांनी पाहिलं आणि संधी मिळताच तसंच केलं. १९६५ चा त्याचा प्रयोग आपल्याला जास्त उपयोगी आहे. त्यात एकाच चित्रफितीचे तीन शेवट होते. एकात मारणाऱ्याला बक्षीस मिळालं, दुसऱ्यात बोलणी बसली, तिसऱ्यात काहीच झालं नाही. मारणाऱ्याला बोलणी बसलेली पाहणाऱ्या मुलांनी सर्वांत कमी अनुकरण केलं. त्यानंतर ‘जे पाहिलंस ते करून दाखव, खाऊ देतो’ असं सांगितल्यावर मात्र तिन्ही गटांतल्या मुलांना सगळं जमलं.

यातून दोन गोष्टी कळतात. पाहिलेलं मूल शिकतंच, ते पुसता येत नाही. आणि शिकलेलं ते वापरतं की नाही, हे त्याला दिसलेल्या शेवटावर आणि त्यासाठी मिळणाऱ्या बक्षिसावर ठरतं. आजच्या काळात बक्षीस म्हणजे लाइक, व्ह्यू आणि चौकात मिळणारा मान. फोनमध्ये बक्षीस दिसतं, शिक्षा दिसत नाही.

आपल्याच भागात हे का रुजतं

डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात तेव्हाचे विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी पुण्यात कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या ‘कोयता गँग’चा प्रश्न मांडला, तेव्हा हा शब्द राज्यभर पोचला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दोनशेहून अधिक सराईत गुन्हेगारांना आयुक्तालयात बोलावून तंबी दिली. त्या तंबीत समाजमाध्यमांवर गुन्हेगारीचं उदात्तीकरण करणाऱ्या रील टाकू नका, हेही होतं. शहरात जे गाजतं ते वाघोली, शिक्रापूर ओलांडून शिरूरला आणि लोणी, यवत ओलांडून दौंडला पोचायला फोनमुळे क्षणभरही लागत नाही.

जमीन मात्र आपलीच असते, बी बाहेरून आलं तरी. रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभ इथे कारखाने आले, जमिनींना भाव आला. काही घरांत एकरकमी पैसा आला आणि शेती गेली. काही घरांत बाप तीन पाळ्यांत काम करतो, आई कंपनीत किंवा मजुरीला जाते आणि मूल संध्याकाळी एकटंच फोनसोबत असतं. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या, बाहेरून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना गावकीत मान नाही, मैदान नाही, ओळख नाही. ज्याला कुणी विचारत नाही, त्याला ‘भाई’ म्हणून हाक मारणारा गट फार पटकन आपला वाटतो.

प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ हा २०१८ चा सिनेमा याच दुखण्यावर बोट ठेवतो. जमीन गेलेल्या शेतकऱ्याचा मुलगा गुन्हेगारीत शिरतो आणि त्याचा शेवट काय होतो, हे तो सिनेमा दाखवतो. पण फोनवर फिरतात ते त्यातले रुबाबाचे तुकडे. पूर्ण पाहणाऱ्याला सिनेमा सावध करतो, तुकडा पाहणाऱ्याला भुरळ घालतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने असा तुकडा ठेवलेला दिसला, तर त्याला ओरडण्याऐवजी एका रविवारी तो सिनेमा त्याच्याशेजारी बसून पूर्ण पाहा. शेवटी टीव्ही बंद करून घाईने उठू नका. विचारा, ‘याच्या बापाचं काय झालं असेल रे?’

घरात: तीन प्रश्नांची सवय

सोबत बसून पाहणं आणि पाहताना बोलणं, यासारखा स्वस्त आणि उपयोगी उपाय दुसरा नाही. त्यासाठी मानसशास्त्राचं शिक्षण लागत नाही. मालिका असो, सिनेमा असो वा रील, तीन प्रश्न सहज बोलण्यात आणा.

पहिला: मग पुढे काय झालं? रीलमधला वार झाल्यानंतरचा दिवस मुलाला कल्पनेने सांगू द्या. तो चुकला तरी चालेल. कल्पना करायला लागणं हेच औषध आहे.

दुसरा: ज्याला लागलं, त्याच्या घरी कोण आहे? पडद्यावरच्या हिंसेत मार खाणाऱ्याला चेहरा नसतो. हा प्रश्न त्याला चेहरा देतो.

तिसरा: हे दाखवून कुणाला काय मिळालं? गाण्याच्या कंपनीला, रील टाकणाऱ्याला, ॲपला. आपल्या डोळ्यांवर कुणाचा तरी धंदा चालतो, हे कळलं की वयात आलेली मुलं स्वतःहून सावध होतात. फसवलं जाणं त्यांना आवडत नाही.

हे प्रश्न उलटतपासणीसारखे विचारू नका. दूध काढताना, दुचाकीवरून जाताना, जेवताना विचारा. उत्तर मिळालं नाही तरी विषय सोडून द्या. प्रश्न मुलाच्या डोक्यात राहतो.

दुसरी गोष्ट मोठ्यांनी स्वतःपासून सुरू करायची. रात्रीच्या जेवणाला गुन्ह्यांच्या मालिका लावून मुलाला ‘तू असलं काही पाहू नकोस’ म्हणता येत नाही. माध्यमांचे अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांनी दाखवून दिलं होतं की सतत टीव्ही पाहणाऱ्या माणसाला जग आहे त्यापेक्षा जास्त क्रूर वाटू लागतं. आजी-आजोबांनाही हे लागू पडतं. जग सगळं वाईटच आहे असं ऐकत वाढणारं मूल ‘आपल्याजवळही काहीतरी असावं’ म्हणून दप्तरात चाकू ठेवायला लागतं.

आणि मारू नका. फोनवर हिंसा पाहिली म्हणून पट्ट्याने मारणारा बाप मुलाला एकच धडा देतो: ज्याच्या हातात ताकद, त्याचं खरं. तो धडा कुठल्याही रीलपेक्षा खोल जातो.

वयानुसार काय करावं

सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलाला खरं आणि खोटं यातला फरक नीट कळत नाही. जेवण भरवण्यासाठी हातात फोन देऊ नका. फोन दिलाच तर आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होण्याची सोय बंद करा, कारण गाण्यांवरून मारामारीवर जायला तीन व्हिडिओ पुरतात. रात्री दचकून उठणं, एकटं झोपायला घाबरणं, बाहुल्यांना सतत ‘ठार’ करण्याचा खेळ खेळणं, यावरून त्याने काहीतरी न झेपणारं पाहिलं आहे, हे ओळखा. त्याला जवळ घ्या, ‘ते लाल रंगाचं पाणी होतं, तो माणूस नंतर घरी गेला’ असं सांगा.

आठ ते बारा या वयात मुलं नियम पाळायला तयार असतात, फक्त नियम सगळ्यांना सारखे हवेत. जेवताना कुणाचाच फोन नाही. रात्री सगळे फोन एकाच जागी चार्जिंगला. शाळेच्या दिवशी ठरलेला वेळ, सुट्टीला थोडा जास्त. नियम मुलांसोबत बसून लिहा आणि फ्रिजवर किंवा देवघराशेजारी लावा. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम या दोन्हींच्या स्वतःच्या नियमांप्रमाणे १३ वर्षांखालच्या मुलाला स्वतःहून खातं उघडता येत नाही. ‘सगळ्यांचं आहे’ या हट्टाला हे साधं उत्तर पुरेसं आहे.

तेरा ते सतरा या वयात हुकूम चालत नाही, सौदा चालतो. त्याचा फोन चोरून तपासू नका. त्याऐवजी ‘तुला आवडणाऱ्या तीन रील मला दाखव’ असं महिन्यातून एकदा म्हणा आणि त्याच्या आवडीची टिंगल न करता पाहा. या वयात मुलाला सगळ्यात जास्त भीती असते ती चारचौघांत कमी पडण्याची. ती भीती ओळखली, तर रील बनवण्यामागचं कारण कळतं.

फोनमधल्या सोयी वापरा

ओटीटीवर २०२१ च्या नियमांपासून प्रत्येक कार्यक्रमावर वयाची खूण असते: यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए. १३+ आणि त्यावरच्या कार्यक्रमांना पालकांचं कुलूप लावण्याची सोय देणं कंपन्यांना बंधनकारक आहे. चार आकडी पिन टाकायला पाच मिनिटं लागतात. तो पिन जन्मतारीख ठेवू नका.

इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५ पासून भारतात अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी ‘टीन अकाउंट’ आणलं. ते मुळातच खासगी असतं, रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद ठेवतं, तासाभराने थांबायची आठवण करतं. सोळा वर्षांखालच्या मुलाला ही बंधनं सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण हे सगळं खरी जन्मतारीख टाकली तरच लागू होतं. आज रात्री मुलाच्या खात्यावरची जन्मतारीख त्याच्यासोबत बसून पाहा.

‘बीजीएमआय’ या खेळात अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. तीही खरं वय दिलं तरच. अँड्रॉइड फोनवर ‘फॅमिली लिंक’ने वेळ आणि ॲप दोन्हींवर लक्ष ठेवता येतं. शिवाय रीलखाली ‘नॉट इंटरेस्टेड’ दाबायला मुलाला शिकवा. मारामारीच्या रीलवर तो जितका वेळ थांबेल तितक्या जास्त तशाच रील येतील. आठ दिवस कुस्तीच्या, ट्रॅक्टर दुरुस्तीच्या, किल्ल्यांच्या रील मुद्दाम पाहून त्याला स्वतःलाच फरक पाहू द्या.

इतिहासातली हिंसा

फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरचा ‘छावा’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि अनेक घरांनी श्रद्धेने अगदी लहान मुलांनाही चित्रपटगृहात नेलं. त्या चित्रपटाला यूए १६+ असं प्रमाणपत्र होतं. ‘ए’ प्रमाणपत्राच्या चित्रपटाला मुलांना दारावरच अडवलं जातं. ‘यूए’च्या बाबतीत निर्णय पालकांवर सोडलेला असतो. म्हणजे ती खूण आपल्यासाठीच लिहिलेली चिठ्ठी असते. छत्रपती संभाजी महाराजांच्या अखेरच्या दिवसांची दृश्यं सहा वर्षांच्या मुलाला झेपणारी नाहीत.

शिरूर तालुक्याचं भाग्य असं की त्या इतिहासाची जागा आपल्याच मातीत आहे. वढू बुद्रुकला शंभूराजांची समाधी आहे. मुलांना आधी तिथे न्या. १६८९ साली इथे काय झालं ते आपल्या शब्दांत, वयाला झेपेल इतकं सांगा. छळाची वर्णनं रंगवण्यापेक्षा त्यांचं निश्चयाचं बळ सांगा, त्यांची ग्रंथरचना सांगा. आणि आवर्जून हेही सांगा की ही लढाई त्या काळच्या सत्तेशी होती, आज शेजारी राहणाऱ्या कुणाशी नाही. इतिहासाचा सिनेमा पाहून वर्तमानातला शत्रू शोधायला लागणाऱ्या मुलाला याच वाक्याची गरज असते.

वाढदिवस, मंडळ आणि तमाशाचं गाव

चौकातला ‘भाईचा बर्थडे’ ही आपल्या भागातली हिंसेची पहिली शाळा झाली आहे. तलवारीने केक, फटाके, डीजे आणि दहा जणांचे फोन. हे बंद करायला पोलिसांची वाट पाहू नका. ग्रामसभेत ठराव करा. गणेश मंडळांनी ठरवावं की मंडळाच्या फलकावर गुन्हा दाखल असलेल्या कुणाचाही फोटो ‘मार्गदर्शक’ म्हणून लागणार नाही. फलक लावणाऱ्या नेत्यांनाही ही विनंती गावाने हात जोडून, पण ठामपणे करावी. मुलं फलक वाचतात आणि मान कुणाला मिळतो ते त्यावरूनच शिकतात.

मुलांना रील बनवायची हौस आहे, तर ती हौस मारू नका, तिला गोष्ट द्या. शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई हे तमाशा कलावंतांचं गाव. तिथले बी. के. मोमीन कवठेकर यांनी वगनाट्यं लिहिली, व्यसन, हुंडा अशा विषयांवर लोकगीतं लिहिली आणि राज्य सरकारच्या विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्काराने त्यांचा सन्मान झाला. वगात लढाया होत्या, खून होते, सूड होता. पण वग पहाटेपर्यंत चालायचा आणि खलनायकाचा हिशेब चुकता झाल्याशिवाय प्रेक्षक उठायचा नाही. शाळांनी आणि मंडळांनी एक स्पर्धा घ्यावी: दोन मिनिटांची चित्रफीत, विषय ‘वार झाल्यानंतरचा दिवस’. चित्रीकरण फोनवरच, भाषा मुलांचीच. बक्षीस गावासमोर. तोच फोन, तीच हौस, फक्त शेवट परत जोडलेला.

हाताला काम, अंगाला घाम

पंधरा वर्षांच्या मुलाच्या अंगात ताकद असते आणि ती कुठेतरी दाखवायची असते. तालमीची माती, कबड्डीचं मैदान, भरतीच्या तयारीला पहाटे पळणारी मुलं, हे सगळं आपल्याकडे आहे. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे गट आहेत, तिथल्या मैदानाचं आकर्षण मुलांना लहानपणापासून असतं. त्याला धरून बोला.

पाबळचा विज्ञान आश्रम तर या बाबतीत आदर्शच आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या या गावात तो सुरू केला, हाताने काम करता करता शिकायचं या विचाराने. वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, शेती, वीज. स्वतःच्या हाताने लोखंड जोडून फाटक उभं करणाऱ्या मुलाला आपली ताकद दाखवायला पातं लागत नाही. शाळांनी एक दिवसाची सहल तिथे न्यावी. पालकांनी मोठ्या सुट्टीत मुलाला गॅरेजवर, सुताराकडे, पंप दुरुस्तीच्या दुकानात महिनाभर शिकायला पाठवावं.

धोक्याच्या खुणा

काही खुणा दिसल्या तर सबुरी करू नका. झोप उलटीपालटी होणं, शाळेला अचानक दांड्या, जुने मित्र सुटून वयाने मोठ्या मुलांची संगत, न सांगता आलेला पैसा, प्राण्यांना त्रास देणं, अंगावर न सांगितलेल्या जखमा, दप्तरात किंवा गाडीच्या डिकीत धारदार वस्तू, मरणाबद्दल सहज बोलणं. जुलै २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या किवळे इथे एका शाळकरी मुलाने जीव गमावला. त्याच्या खोलीत ऑनलाइन खेळाशी संबंधित कागद सापडले. मूल खोलीत कोंडून घेतं, रागीट होतं, कशाचीच भीती वाटेनाशी होते, तेव्हा ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडू नका.

मुलाशी बोला: ‘मी रागावलेलो नाही, मला काळजी वाटते. तुला कुणी धमकावतंय का?’ पुष्कळ मुलं हत्यार जवळ ठेवतात ती भीतीने. मानसिक त्रासासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मुलाच्या सुरक्षेसाठी १०९८, ताबडतोब धोका असेल तर ११२, फोनवरून फसवणूक किंवा छळ होत असेल तर १९३०. हे चार क्रमांक घराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

कायदा काय म्हणतो, हे मुलांना सांगा

शेतीकामासाठीच बनवलेल्या अवजाराला शस्त्र अधिनियम शस्त्र मानत नाही. म्हणजे कायद्यालाही फडातला कोयता वेगळा ओळखता येतो. पण पातं चौकात दहशतीसाठी मिरवलं, तलवारीने केक कापला, की शस्त्र अधिनियमाच्या कलम ४ व २५ खाली आणि मनाई आदेश असेल तर महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ व १३५ खाली गुन्हे नोंदवले जातात. पुरावा शोधायला पोलिसांना जावं लागत नाही, तो मुलाने स्वतःच गाणं लावून टाकलेला असतो. अठरा पूर्ण झालेल्या मुलाला हा गुन्हा पोलीस भरतीच्या, सैन्याच्या, नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत आडवा येतो. पहाटे पळून कमावलेली भरती पंधरा सेकंदांत जाते.

अठरा वर्षांखालच्या मुलासाठी बाल न्याय अधिनियम, २०१५ आहे. त्याचा भर सुधारण्यावर आहे, नाव जाहीर करायला मनाई आहे. पण सोळा ते अठरा वयोगटातल्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला, तर त्याला प्रौढाप्रमाणे खटल्याला सामोरं जावं लागू शकतं. ‘अठराच्या आत काही होत नाही’ असं सांगून मुलांच्या हाती पातं देणारे मोठे भाई हे कधीच सांगत नाहीत. मुलाने रील आधीच टाकली असेल, तर घाबरून लपवाछपवी करू नका. ओळखीच्या वकिलाचा सल्ला घ्या आणि मुलासोबत तुम्ही स्वतः पोलीस ठाण्यात जा. पालक सोबत उभा आहे, हे मुलालाही दिसू द्या.

तरुण वाचकांसाठी

आता तुझ्याशी थेट बोलते. २७ जून २०२३ ला पुण्याच्या सदाशिव पेठेत एका तरुणाने भर रस्त्यात एका तरुणीवर कोयता उगारला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा लेशपाल जवळगे धावत गेला आणि त्याने कोयत्याचा तो हात धरला. इतर तरुणही मदतीला आले, मुलगी वाचली. त्याच पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये दौंडच्या गाडीने आणि शिरूरच्या एसटीने येणारी आपल्या गावची कितीतरी मुलं-मुली बसतात. त्या दिवशी रस्त्यावर दोन हात होते, एक पातं उगारणारा आणि एक ते अडवणारा. कुठल्या हाताला जास्त हिंमत लागली असेल, हे तूच ठरव. पुढची रील पाहताना एवढंच स्वतःला विचार: मग पुढे काय झालं?

पालकांना शेवटची विनंती. येत्या हंगामात ऊसतोड सुरू झाली की एका सकाळी मुलाला फडात घेऊन जा. टोळीतल्या एखाद्या जोडीची परवानगी घ्या, त्यांना चहा न्या. मुलाला दहा ऊस तोडू द्या, एक मोळी बांधू द्या, ती उचलून ट्रॉलीपर्यंत नेऊ द्या. त्याच्या तळहाताला फोड येईल. तिथल्या बाईंच्या तळहाताकडेही त्याला पाहू द्या. घरी आल्यावर काहीही समजावून सांगू नका. त्या रात्री फोनवर कोयता दिसला, तर त्याला काय आठवायचं ते त्याचा हातच सांगेल.